मोरी साहेबांच्या मुलीचं गाणं

माझा आवाज बारीक होता, आणि आमच्या घरात ती गोष्ट एखाद्या व्यंगासारखी धरली जायची. बाबांचा आवाज असा, की विहारासमोरचा माइक बंद पडला तरी गाणं मागच्या रांगेत बसलेल्या म्हातारीपर्यंत पोचायचं. आठवडाभर ते सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिशियन असायचे आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, भीमगीत मंडळाचे गायक. पुढच्या खोलीतली खाट उभी करून भिंतीला टेकवली जायची, सतरंजी पडायची, पेटीचा भाता उघडायचा आणि वासनिक काका ढोलकीची शाई थापून थापून बघायचे. आतल्या खोलीत आई बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा करत असायची. लसूण आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास बाहेर आला की मंडळाचा आवाज आपोआप चढायचा. मी कोरसमध्ये, सगळ्यात मागे, दाराच्या चौकटीला टेकून. एकदा मी हट्ट धरला की मलाही एक कडवं एकटीला द्या. बाबांनी दिलं, ऐकलं आणि फार मायेनं म्हणाले, "तू गाय, पण मांगून गाय. तुह्या आवाज माइक धरतच नाई, त्याले मी तरी काय करू?" त्यांचं खोटं नव्हतं. भीमगीताला छाती लागते. माझं गाणं दातांच्या मागेच राहायचं.

तेव्हा रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगढची राजधानी झालं होतं. रस्ते खणलेले, लाल दिव्याच्या गाड्या, चांगलं घर दिसलं की तिथे कुठल्यातरी खात्याची पाटी. बाबांच्या कारखान्यातही नवी यंत्रं आली, आणि यंत्रांच्या मागोमाग ती बसवून द्यायला जपानहून एक माणूस आला. पन्नाशीचा, काटकुळा, उन्हानं कान लाल झालेला. यंत्राच्या वायरिंगचं काम बाबांकडे असल्यामुळे दिवसभर दोघं बरोबर. गेस्ट हाऊसचं जेवण त्याच्या पोटाला झेपत नाही असं बाबांना कळलं आणि एका रविवारी ते त्याला सरळ घरीच घेऊन आले. "हे मोरी साहेब," बाबांनी ओळख करून दिली. आई पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून तिचा दबका आवाज आला, "अजी, हे काय नाव म्हणावं? मोरी? मी भांडे घासतो ते?" मग शेवटपर्यंत ती त्यांना जपानी भाऊच म्हणाली. जपानी भाऊ जमिनीवर आमच्यापेक्षा व्यवस्थित बसले. पाटोडीचा रस्सा खाताना त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी ते वाटी पुढे करत होते. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं होतं. म्हणूनच आमचं जमलं. कुणालाच कुणाची लाज वाटली नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी बॅगेतून एक वस्तू काढून दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली. लांबट, अरुंद पुठ्ठ्याचं पाकीट. उदबत्तीचा पुडा असतो ना, तसं, फक्त जरा रुंद. त्यावर माझ्याच वयाच्या मुलीचा फोटो, कानापर्यंत कापलेले केस, आणि हसू येण्याआधीचा क्षण पकडावा तसा चेहरा. आत चहाच्या बशीच्या मधल्या खळग्याएवढी एक चकचकीत सीडी. मी तोपर्यंत सीडी पाहिल्या होत्या, पण इतकी इवलीशी कधीच नाही. "माझी मुलगी," मोरी साहेब म्हणाले. "युकी. ती गाते."

मग त्यांनी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान मागून घेतलं आणि त्यावर चित्र काढून सगळा कारभार समजावला. त्या दुपारी मी जे ऐकलं त्यानं माझं जग अचानक केवढं तरी मोठं झालं. आमच्याकडे कॅसेट म्हणजे दहा गाणी, पाच या बाजूला, पाच त्या बाजूला. त्यांच्याकडे आधी एकच गाणं विकायला काढतात. लोकांनी ते उचललं तर काही महिन्यांनी दुसरं. तेही उचललं, तरच अल्बम. युकीची दोन गाणी येऊन गेली होती आणि फारशी खपली नव्हती. हे तिसरं. गाण्याच्या कंपनीनं सांगितलं होतं की हे नाही चाललं तर पुढे काही नाही. कंपनीनं ते जपानबाहेरही सोडलं होतं. मोरी साहेबांनी कॅलेंडरवर टिंबं काढली: तैवान, हाँगकाँग, बँकॉक. चाल तीच, शब्द तिथल्या तिथल्या भाषेतले; युकी ते पाठ करून गायलेली. मोरी साहेबांना यंत्रं बसवायला याच गावांमधून फिरावं लागायचं. जिथे जातील तिथे सुटीच्या दिवशी ते गाण्यांचं दुकान शोधत आणि मुलीच्या सीडी तिथे ठेवून येत. हे कंपनीला माहीत नव्हतं. मला वाटतं, युकीलाही पूर्ण माहीत नव्हतं. त्यांनी शेवटी एक टिंब काढलं, समुद्रापासून खूप आत, आणि त्याच्याखाली इंग्रजीत लिहिलं, रायपूर.

आज माझी मुलगी फोनवर कोरियातली गाणी ऐकते, ती गाणी कुठल्या देशात कितव्या नंबरावर आहेत हे तिला तोंडपाठ असतं, आणि त्यात तिला काहीच नवल वाटत नाही. मी मात्र त्या टिंबाकडे बघत राहिले होते. त्या दिवसापर्यंत कुठल्याही नकाशात मी स्वतःला शोधलं नव्हतं.

आमच्याकडे सीडी वाजवायला काही नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही सदर बाजारात गेलो. कारखान्याच्या जीपनं आम्हाला तोंडाशी सोडलं. आत गाडी शिरणं शक्यच नव्हतं. सराफांच्या पेढ्या, कापडाची ठाणं, स्कूटरींचे हॉर्न, आणि त्यातून पांढऱ्या शर्टातले मोरी साहेब बॅग छातीशी धरून चाललेले. साहू भैयांचं कॅसेटचं दुकान दोन सराफांच्या मध्ये चेपून बसवल्यासारखं होतं. राज्य नवं झाल्यापासून छत्तीसगढी अल्बमचा पूर आला होता, आणि भिंतीवर नुसती हिरव्या साड्यांतल्या नाचणाऱ्या मुलींची चित्रं. साहू भैयांनी ती सीडी दोन बोटांत धरून उलटसुलट केली. "ये तो बच्चों का खिलौना है, दीदी. मशीन में फँस गया तो?" मोरी साहेबांनी हसून प्लेअरच्या ट्रेच्या मधोमध असलेली लहान गोल खाच दाखवली. ती खाच तिथे होती, रोज साहू भैयांच्या डोळ्यांसमोर, आणि ती कशासाठी असते हे त्यांना माहीत नव्हतं. सीडी तिच्यात अलगद बसली.

आधी पियानोसारखं काहीतरी वाजलं. मग ती गायला लागली. मी काउंटरची कड घट्ट धरली. कारण तो आवाज बारीक होता. अगदी माझ्यासारखा. दातांच्या मागून येणारा, कुणाच्या कानाशी वाकून बोलावं तसा. तो कुणी दाबला नव्हता, मागच्या रांगेत उभा केला नव्हता. उलट सगळी वाद्यं त्याच्यासाठी बाजूला सरकली होती, रस्त्यात कुणी लहान मूल घेऊन आलं की माणसं सरकतात तशी. आणि असा आवाज तैवानात, हाँगकाँगात, बँकॉकात विकायला ठेवला जातो! बाहेरून जाणारी दोनतीन माणसं थांबली. शेजारच्या पेढीतून एक बाई पायरीवर आली. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की देवानं माझ्या गळ्यात चुकून काही टाकलेलं नाही.

"आवाज तो मीठा है," साहू भैया म्हणाले, "मगर बोल? समझ में ही नहीं आएगा तो कौन लेगा?" मी भीतभीत भाषांतर केलं. मोरी साहेबांनी मान हलवली, जणू हे वाक्य त्यांनी प्रत्येक गावात ऐकलं होतं. मग ते दोन पावलं मागे सरकले, हात मांड्यांशी ताठ धरले आणि साहू भैयांपुढे कंबरेतून वाकले. वाकून तसेच राहिले. साहू भैया गादीवरून धडपडत उठले. "अरे अरे, साहब! ये क्या कर रहे हैं आप! रख दूँगा, हव, यहीं सामने रख दूँगा." पाच पाकिटं काउंटरवर ठेवली गेली. मोरी साहेबांनी परवानगी विचारून युकीचं एक पोस्टर हिरव्या साड्यांच्या शेजारी चिकटवलं आणि त्याचे चारही कोपरे अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबले. बॅगेत कागदी रुमालांच्या चपट्या पुड्याही होत्या, त्यांवर गाण्याचं नाव छापलेलं. त्यांच्याकडे स्टेशनाबाहेर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अशा पुड्या वाटतात म्हणे. सदर बाजारात त्या त्यांनी वाटल्या. लोकांनी घेतल्या, घाम पुसला आणि थँक्यू म्हटलं.

जीप त्यांना घेऊन गेली आणि बाबा नि मी पायी ब्राह्मणपाऱ्यातून घराकडे निघालो. वाटेत बाबा थांबले. मग एकदम म्हणाले, "करुणा, मी तुह्यासाठी कोणापुढं असा वाकलो का व कधी?"

रायपुरातच वाढल्यामुळे तेव्हा मी घरातही हिंदीतच उत्तर द्यायची. "जरूरत ही नहीं पड़ी, बाबा."

"पडली असन," बाबा म्हणाले. "मले दिसली नसन."

त्या सीडीवर गाणं दोनदा होतं. एकदा युकीच्या आवाजात, आणि एकदा नुसतं संगीत, मधली गाणाऱ्याची जागा रिकामी. ऐकणाऱ्यानं घरी बसून स्वतः गावं म्हणून. हा काय प्रकार असतो हे तेव्हा आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं; मला तर ती रिकामी जागा ऐकून अंगावर काटाच आला होता. साहू भैयांनी मला ते एका कॅसेटवर उतरवून दिलं. आई कूलरमध्ये पाणी भरत असायची तेव्हा मी टेपजवळ बसून त्या जागेत नुसतं आ-आ करत राहायची. तीनचार दिवसांनी बाबा ड्युटीवरून आले, पायातले बूट तसेच ठेवून दारात उभे राहिले. मी गप्प झाले.

"काहून थांबली? गाय ना."

"शब्द नहीं हैं, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोरी साहेबांना विचारलं की मूळ गाण्यात काय म्हटलंय. मोरी साहेब लाजले. एक मुलगी गाव सोडून जाते आहे, गाडी सुटलेली आहे, इतकंच त्यांनी सांगितलं. बाबांनी त्यावर खूप विचार केला. मग आपली गाण्यांची लाल वही काढली. त्यांना जाणाऱ्यावर लिहायचं नव्हतं. मागे जी राहिली तिच्यावर लिहायचं होतं. सिद्धार्थ घर सोडून गेले ती रात्र, आणि जागी असूनही न उठलेली यशोधरा. पेटीवर बसायचे, टेप मागे घ्यायचे, एक शब्द खोडायचे. आयुष्यभर ढोलकीच्या ठेक्यावर लिहिलेल्या माणसाला त्या चालीत शब्द फार होत होते. कमी करता करता शेवटी उरलं ते असं:

दार उघडं ठेवलं मी, दिवा लावला नाही,
जाणाऱ्याच्या पावलांना मी आवाज दिला नाही,
बाळ कुशीत होतं माझ्या, त्याला जागं केलं नाही.

मराठीत मी एरवी दोन वाक्यं सरळ बोलत नव्हते. पण या तीन ओळी मला कुणी समजावून द्याव्या लागल्या नाहीत.

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम विहारात सकाळीच असायचा, उन्हाच्या आधी. पांढरी लुगडी, पांढरे शर्ट, मोगऱ्याचे हार, मागे गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, खीर उकळत असलेली. मोरी साहेब आले होते. त्यांना वंदना येत नव्हती. जपानात लोक फक्त मयताला बुद्धाच्या मंदिरात जातात, असं त्यांनी मला हळूच सांगितलं, आणि हे मी पाऱ्यातल्या बायकांना मुद्दाम सांगितलं नाही. कारण त्या सगळ्या त्यांच्याकडे प्रत्यक्ष बुद्धाच्या गावचा पाहुणा असल्यासारख्या बघत होत्या. मंडळाची चार गाणी झाली, छत हलवणारी. मग बाबा उठले आणि म्हणाले की आता माझी मुलगी एकटी गाईल.

वासनिक काका ढोलकीवरून मान वर करून म्हणाले, "मेश्राम, आजच्या दिवशी हे विदेशी धून? अन् पोट्टीचा आवाज मांगपर्यंत जाईन तरी का?"

"नाई जाईन," बाबा म्हणाले. "लोकं पुढं येतीन."

काकांनी ढोलकी बाजूला ठेवली, जरा जोरातच. बाबांनी माइक स्टँडवरून काढला, माझ्या ओठांशी धरला आणि स्वतः बाजूला गुडघ्यावर बसले. टेप सुरू झाला. मला पहिली ओळ सापडलीच नाही. संगीत पुढे निघून गेलं. कुणीतरी हसलं. बाबांनी टेप थांबवला, मागे घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमाले घाई नाई." दुसऱ्यांदा मी डोळे मिटले. सदर बाजारातल्या त्या दुकानात वाद्यं कशी बाजूला सरकली होती ते मला आठवलं, आणि मी त्या जागेत पाऊल ठेवलं. 'आवाज दिला नाही' या शब्दांवर माझा आवाज इतका लहान झाला की मला वाटलं संपला. डोळे उघडले तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका खरोखरच पुढे येऊन बसल्या होत्या. पोरं कडेवर, मान एका बाजूला कललेली. टाळी कुणी वाजवली नाही. वासनिक काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

मोरी साहेबांनी हातातल्या छोट्या यंत्रावर ते सगळं टेप केलं होतं. खीर खाताना त्यांनी मला शब्दांचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "युकीच्या गाण्यात मुलगी जाते. तुझ्या गाण्यात मुलगी राहते." थोड्या दिवसांनी कारखान्यातली नवी यंत्रं चालू झाली आणि ते जपानला परतले.

पुढे काय झालं ते युकीच्याच पत्रानं कळलं. पावसाळा संपत आला होता. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, अक्षर गोल गोल. तिसरं गाणंही चाललं नव्हतं. कंपनीनं करार संपवला होता. एक शेवटचा कार्यक्रम उरला होता, एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर, सुटीच्या दुपारी. तिनं लिहिलं होतं: 'वडिलांनी तुमची टेप ऐकवली. दुसऱ्या देशांत माझ्या गाण्याला शब्द मिळाले ते कंपनीनं मागवले म्हणून. न मागता शब्द दिले ते फक्त तुम्ही. मला ते शेवटच्या दिवशी गायचे आहेत. कृपया इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवा.'

मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातात घेतलं, उलट बाजूलाही पाहिलं, आणि माझ्याकडे परत दिलं. मग आम्ही दोघं बसलो. एकेक अक्षर. 'ठ'ला काय लिहायचं? 'ळ'चं काय करायचं? बाबांचा जीव त्या 'बाळ'मध्ये अडकला होता. "तिले लिही, जीभ वरतं वळवजो म्हणा." मी जिभेचं चित्र काढून बाण दाखवला. माझ्या आयुष्यात मी पुढे शाळेत संगीत शिकवलं, साहू भैयांच्या तीनचार अल्बमना आवाजही दिला, पण मराठी मी खरी शिकले ती त्या दोन संध्याकाळी, एका जपानी मुलीसाठी उच्चार फोडून लिहिताना.

युकीच्या त्या कार्यक्रमाची कॅसेट दिवाळीच्या आधी आली. बाबांनी मंडळाला बोलावलं. खाट उभी झाली, सतरंजी पडली, वासनिक काका, त्यांची सून, शेजारीपाजारी, सगळे आले. बाबांनी टेप लावला. आधी वारा, मुलांचा गलका, लांबून कसलीशी घंटा. मग युकी जपानीत काहीतरी बोलली, आणि त्यात एकच शब्द आम्हाला कळला: रायपूर. मग ती गायला लागली. 'दारू उघदं थेवरं मी.' वासनिक काकांच्या सुनेला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात घेतला. दुसऱ्या ओळीला कुणीही हसलं नाही. 'बाळ'पाशी ती क्षणभर थांबली. ती जीभ वर वळवते आहे हे आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. आणि तिनं तो 'ळ' म्हटला. अगदी स्वच्छ. बाबांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते मला माहीत नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या माणसानं लाल वहीत लिहिलेली ओळ कुठल्यातरी दूरच्या शहरात, गच्चीवर, उघड्या आभाळाखाली म्हटली गेली होती, आणि ती म्हणून परत आमच्या घरी आली होती. शेवटी थोड्या टाळ्या वाजल्या. दहाबारा माणसं असतील.

टेप संपला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पोट्टी थकली हाय व. आवाजावरनं समजते. जेवली असन का ते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"लिही तिले," आई म्हणाली. "ईचार."

मी लिहिलं. आई विचारते, जेवलीस का? आणि खाली हेही लिहिलं की जेवली असशील तर आमच्या भाषेत उत्तर काय द्यायचं.

पोस्टकार्डाला महिना लागला. एका बाजूला बर्फातलं एक स्टेशन. दुसऱ्या बाजूला आमचा पत्ता, आणि बाकी सगळी जागा कोरी सोडून मधोमध, गोल गोल इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द. मी तो आईला वाचून दाखवला.

"जेवले."

"बरं झालं बापा," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे टिपून तिनं तवा चुलीवर ठेवला.